योगासनांतून 'तुझी जागा, माझी जागा' शिकवता येईल का? (दुसरी, ३८ मुलं)

खडूची_धूळ

नमस्कार. मुंबईत पूर्व उपनगरात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. यंदा दुसरी आहे. पटावर ३८, रोज येणारी ३३-३४. वर्ग साधारण वीस बाय वीस फुटांचा. त्यात बाक, कपाट, आणि कुठल्याशा कार्यक्रमाला आणून ठेवलेला, नंतर कुणीच न नेलेला एक लाकडी स्टेज.

दिवसभरात मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'टीचर, हा बघा ना!' बघायला जावं तर भांडण नसतंच. एकाच्या वहीवर दुसरीचं कोपर असतं. कुणाचा पाय कुणाच्या मांडीवर. खिचडीच्या रांगेत तर पुढच्याच्या पाठीला नाक टेकल्याशिवाय रांग पूर्ण होत नाही. परिपाठाला 'एक हाताचं अंतर घ्या' म्हटलं की हात सरळ पुढे जातात, छान अंतर पडतं, आणि हात खाली आले की दहा सेकंदांत सगळी पुन्हा एकमेकांना चिकटतात. म्हणजे त्यांच्या मते अंतर हा हात वर असेपर्यंतचाच कार्यक्रम.

एक मुलगा आहे, त्याला इथे डिंक म्हणते. मागून येऊन मिठी मारतो, गळ्यात हात टाकतो, गोष्ट सांगत असले तर माझ्या ओढणीचं टोक धरून बसतो. द्वाड नाही, उलट फार मायाळू. पण त्याच्या बाकावरची मुलगी अंग चोरून टोकाला बसते. परवा बाकावरून पडलीच.

आता योगाचं. २१ जूनला शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. मैदान नाही, पावसामुळे गच्ची बंद. बाक भिंतीला लावले आणि वर्गातच योगदिन उरकला. ताडासन झालं. मग माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, वीरभद्रासन घेतलं, दोन्ही हात बाजूला ताठ. पुढे काय झालं ते सांगायला नको. निम्म्या वर्गाने उरलेल्या निम्म्या वर्गाच्या कानाखाली काढली. एकाने तर शेजाऱ्याला मुद्दाम लाथ मारली आणि लगेच त्याला हात लावून छातीशी नेला. पाय लागला की नमस्कार करायचा असं घरी शिकवलंय ना, मग हिशोब मिटला!

पण त्याच गोंधळात वृक्षासन घेतलं तेव्हा एक पाहिलं. पंधरा आकडे मोजेपर्यंत डिंकने कुणालाही हात लावला नाही. त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या एका पावलात होतं. जीभ बाहेर, डोळे फळ्यावरच्या तारखेवर.

तेव्हापासून डोक्यात आहे की आसनांतून हे शिकवता येईल. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' दरवर्षी घेतो, मुलांना तोंडपाठ आहे, पण त्यांना ते अनोळखी काकांविषयी वाटतं, बाकावरच्या मैत्रिणीविषयी नाही. कुणी असं काही केलंय का? एवढ्या जागेत जमतं का? आणि 'पर्सनल स्पेस'ला सात वर्षांच्या मुलाला कळेल असा मराठी शब्द काय?

---

लोकल_७_५२

ताई, कशाला त्या पोरांच्या सवयी बिघडवताय. मोठी झाल्यावर त्यांना तीन माणसांच्या बाकड्यावर चौथी सीट घेऊन ठाण्यापर्यंत जायचंय. 'जरा सरकून घ्या' एवढं एकच आसन शिकवा, आयुष्यभर पुरेल.

(गंमत केली. वाचतोय.)

---

निवृत्त_मास्तर

बाई, मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली ११ द्विशिक्षकी शाळेत. पहिली-दुसरी एका खोलीत, बसकरपट्ट्यांवर. पर्सनल स्पेस हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आलेला नव्हता. 'अंगाला अंग लावू नको रं' एवढंच म्हणायचो. त्याचा उपयोग शून्य, कारण पोराला आपलं अंग कुठं संपतं हेच ठाऊक नसतं. आधी ते मोजून द्यावं लागतं.

आपल्याकडं मापं अंगावरच आहेत. वीत, हात, वाव. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमचे वडील दोर वावेनं मोजायचे. पोराला भिंतीला पाठ लावून उभं करा, हात पसरायला लावा, दोन्ही टोकांना खडूची खूण करा. मग त्याच खुणांइतकी सुतळी तोडा आणि त्याच्या टाचेपासून डोक्यापर्यंत लावून दाखवा. बहुतेक तेवढीच भरते, बोटभर इकडेतिकडे. पोरं येडी होतात. 'मी जेवढा उंच तेवढाच रुंद!' एक पोरगं ती सुतळी आठवडाभर खिशात घेऊन फिरलं होतं.

त्या सुतळीचं जमिनीवर गोल कडं करा. आत दोन पावलं आणि थोडी मोकळी जागा राहते, पोराच्या हातानं सव्वा हात. वृक्षासनाला पुष्कळ झाली. डगमगलास तर पाय खाली टेक, पण कड्याच्या आत टेक. एवढाच नियम. दुसऱ्याच्या कड्यात जायचं असेल तर बाहेरून आवाज द्यायचा.

शब्दाचं म्हणाल तर आम्ही 'अंगण' म्हणायचो. अंग म्हणजे घर, त्याच्याभोवती अंगण. पाव्हणा अंगणात थांबून 'हाय का कुणी घरात?' म्हणतो, थेट चुलीपाशी जात नाही.

देह साडेतीन हातांचा म्हणतात, तेही मोजायला लावा. माणसाला शेवटी साडेतीन हात जागा लागते, हा त्याचा पुढचा अर्थ मात्र पोरांना सांगू नका. मी एकदा सांगितला, दुसऱ्या दिवशी एका पोराचा आजा शाळेत आला.

---

चटई_आणि_पट्टा

पुण्यात वीसेक वर्षं योग शिकवते, त्यातली बरीच मुलांना. मास्तरांचं भिंतीवरचं माप मी उद्याच करणार आहे. सुतळी मात्र जमिनीवर नको. पायात अडकते, आणि मुलं ती ओढतात. खडूने आखा.

तुमच्या वर्गाचं गणित मांडलं. सात वर्षांच्या मुलाची वाव चार फूट धरा. बाक सरकवून तुम्हाला वीस बाय सोळाची जागा मिळत असेल. हात पसरलेली मुलं पाच गुणिले चार, वीसच मावतात. वीरभद्रासनात जे झालं त्यात मुलांचा दोष नाही. दोन पाळ्या करा, सतरा-सतरा. बसलेल्यांना आकडे मोजायचं काम द्या. मुलांना रकान्यात उभं करू नका, एकाआड एक उभं करा, म्हणजे पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत मागचा. तेवढ्यानेच निम्मे धक्के टळतात.

दुसरं म्हणजे दिशा. त्रिकोणासनात सगळी एकाच बाजूला वाकली तर कुणाला काही होत नाही. एक जण उलटा वाकला की दोन डोकी टकरावतात. दुसरीच्या मुलाला उजवं-डावं भरवशाचं नसतं, म्हणून 'उजवीकडे' म्हणू नका, 'खिडकीकडे', 'दाराकडे' म्हणा. आणि त्यांच्याकडे तोंड करून उभ्या असाल तर तुम्ही आरशासारखं उलट करायचं. हे मी पहिल्या वर्षी विसरायचे.

आसनांचा क्रम सोपं-अवघड असा लावू नका, जागेनुसार लावा. ताडासनाला एक फरशी पुरते. वृक्षासनात हात डोक्यावर जोडले तरी तेवढीच. त्रिकोणासनाला पूर्ण वाव. बालासनात मूल घडी होऊन पुन्हा छोटं होतं. म्हणजे आपली जागा मोठी-छोटी होते हे अंगालाच कळतं, सांगावं लागत नाही. रांगेत ताडासनाएवढी जागा, खेळताना त्रिकोणासनाएवढी. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

बारीकसारीक: खिचडीनंतर अजिबात नको, आधी घ्या. पण सकाळपासून काहीच न खाल्लेलं मूल असेल तर त्याला बसवून ठेवा, चक्कर येते. श्वास रोखून धरायला लावू नका. मुली फ्रॉक-स्कर्टमध्ये असतील त्या दिवशी वाकायची, पाय वर करायची आसनं नकोत. हे कुणी सांगत नाही, आणि मुली बिचाऱ्या एका हाताने स्कर्ट धरून आसन करत असतात.

आणि कुणी 'स्थिरसुखमासनम्' वगैरे आणून जोडायच्या आत सांगते, पतंजलींना यात ओढू नका. त्या सूत्रात शेजाऱ्याच्या कोपराचा उल्लेख नाही.

---

दुपारची_वेळ

शालेय समुपदेशक आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद छान आहेत, तरी एक भीती वाटली म्हणून लिहिते.

खडूचं वर्तुळ ही शिक्षा होऊ देऊ नका. 'डिंक, तू तुझ्या गोलात बस' असं दोनदा म्हटलंत की वर्तुळ म्हणजे कोपऱ्यात उभं करणं झालं. काही मुलांना अंगाला दाब लागतो, त्याशिवाय त्यांना आपलं शरीर नीट जाणवत नाही. ती चिकटतात, आदळतात, लोळतात. अशा मुलाला दाब दुसरीकडून द्या. दोन्ही तळव्यांनी भिंत ढकलणं, वह्यांचा गठ्ठा ऑफिसात नेऊन देणं. गरुडासनात हात एकमेकांत गुंततात ना, ते नुसते हात घ्या. स्वतःला मारलेली घट्ट मिठीच आहे ती. हे सगळं करूनही फरक नसेल, किंवा बाकीच्या गोष्टीही वेगळ्या वाटत असतील, तर पालकांशी बोलून तज्ज्ञांना दाखवा.

अंतराच्या फुटपट्टीपासूनही सावध राहा. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात अंतरांची विभागणी केली. दीड फुटापर्यंत जिवलगांचं, तिथून चार फुटांपर्यंत वैयक्तिक, पुढे सामाजिक वगैरे. प्रशिक्षणांत तेच आकडे फिरतात. पण संस्कृतीगणिक ते बदलतं हा तर त्याच्याच मांडणीचा गाभा. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांत झोपणाऱ्या मुलाला चार फुटांचं अंतर शिकवायला गेलात तर त्याला काय ऐकू येईल? की माझ्या घरी सगळं चुकीचं चाललंय. त्याला फूट नको, विचारायची सवय हवी.

आणि ती सवय टीचरपासून. आसन दुरुस्त करताना आपण सहज मुलाची कंबर, खांदा धरतो. 'हात लावू का?' एवढं विचारा. मूल नाही म्हणालं तर खरोखर लावू नका. वर्गात त्या दिवशी त्यांनी शिकलेली सगळ्यांत मोठी गोष्ट तीच असेल.

टोकाला बसणाऱ्या मुलीसाठी: सिंहासन घ्या, जीभ बाहेर काढून गर्जना. अंग चोरणाऱ्या मुलांना आधी आवाज लागतो.

---

टस्कलूसाची_सून

अवांतर, पण राहवत नाही. आम्ही अमेरिकेत अलाबामात राहतो. इथल्या सरकारी शाळांत १९९३ पासून योगाला बंदी होती, हिंदू धर्माचा प्रचार म्हणून. २०२१ मध्ये कायदा करून उठवली, तीही अर्धवट. आसनं चालतात, पण नावं इंग्रजीतच हवीत. संस्कृत नाव, मंत्र, मुद्रा नाही आणि नमस्तेसुद्धा नाही. वर पालकांची लेखी परवानगी.

त्यामुळे माझ्या लेकीने घरी वृक्षासन आणि शाळेत झाड असं एकच आसन दोन नावांनी केलंय. अंतर राखायला मात्र इथे कुणाला शिकवावं लागत नाही. माझी आई आली होती तेव्हा दुकानाच्या रांगेत पुढच्या बाईंना इतकी खेटून उभी राहिली, की त्या बाईंनी तिलाच पुढे जाऊ दिलं. आईचं मत, 'किती चांगली माणसं आहेत गं इथली.'

---

खडूची_धूळ

गणपतीची सुट्टी लागली, आता निवांत लिहिते. सगळ्यांचे आभार. काय झालं आणि काय नाही ते सांगते.

मास्तर, भिंतीचं माप हिट. माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर ३६ जोड्या खुणा आहेत, मुख्याध्यापक बाईंनी रंग द्यायचा विषय काढला तर मी आडवी पडणार आहे. पण साडेतीन हात काही येईनात. बहुतेकांचे पावणेचार, एकीचे चार. मुलांनी तुमच्यावर 'ते सर चुकले' असा शेरा मारलाय. मी तो पोचवते आहे फक्त.

'अंगण' मात्र पडलं. 'टीचर, अंगण म्हणजे काय?' मी समजावलं. एक म्हणाली, 'म्हणजे जिन्याखाली, जिथे बाईक लावतात.' तिथे तर सगळेच येतात-जातात, मग आवाज कशाला द्यायचा? बरोबर आहे तिचं. दोन दिवस मी 'उंबरठा' चालवून पाहिला, तोही नाही. शब्द शेवटी पकडापकडीतून मिळाला. मधल्या सुट्टीत पाहत होते, एकाने मूठ वर करून 'टॅम्प्लीज!' म्हटलं आणि धावत आलेला भिडू जागच्या जागी थांबला. हात त्याच्या खांद्यापासून वीतभरावर. मी इतकी वर्षं हा खेळ बघतेय आणि मला दिसलंच नव्हतं. टॅम्प्लीज घेतलेल्याला कुणी शिवत नाही. का घेतलं विचारत नाही. मोठ्यातला मोठा दादाही मोडत नाही, मोडला तर सगळे मिळून त्याच्यावर ओरडतात. नियम त्यांच्याकडे आधीपासून होता, मी फक्त तो मैदानातून वर्गात आणला. (मैदान म्हणजे आमचा पॅसेज.)

आसनं आठवड्यातून तीनदा, खिचडीच्या आधी पंधरा मिनिटं, दोन पाळ्या. 'खिडकीकडे-दाराकडे' केल्यापासून त्रिकोणासनात टक्कर नाही. एकदाच झाली, तीही मी दारापुढे उभी होते म्हणून.

दुपारची_वेळ यांचं वाचून एक दिवस मुलांना घरी कोण कुठे झोपतं त्याचं चित्र काढायला सांगितलं. मला वाटलं होतं, गिचमिड येईल. तर एकेकाने आर्किटेक्टसारखा नकाशा काढला. दाराजवळ पप्पा, कारण ते पहाटे जातात. पलंगावर आजोबा, पलंगाखाली दादा. फ्रिजच्या बाजूला आई आणि बाळ, कारण रात्री दूध लागतं. एकाने आपल्या आणि बहिणीच्या मध्ये रेघ मारली होती आणि रेघेवर लिहिलं होतं 'उशी'. जागेची जाण यांना इंचात आहे. डिंकच्या चित्रात तो आजी आणि मामाच्या मध्ये होता, दोन्हीकडून चिकटलेला, आणि तिघांवर मिळून एकच गोधडी. त्याला अंतर कसं ठाऊक असणार!

त्याला आता रोज हजेरीपटाबरोबर वह्यांचा गठ्ठा ऑफिसात न्यायचं काम आहे. गरुडासनाचे हात तो बाकावर बसल्या बसल्या करतो, कुणी सांगायला लागत नाही. चिकटणं कमी झालंय, गेलेलं नाही.

आणि एक दिवस हे झालं. तो नेहमीसारखा मागून आला. ती टोकावाली मुलगी वळली आणि मूठ वर करून, अगदी हळू, म्हणाली, 'टॅम्प्लीज.' तो थांबला. दोन्ही हात तसेच पुढे.

'मग कधी?' त्याने विचारलं.

ती विचारात पडली. 'खिचडीनंतर.'

खिचडी झाल्यावर हात धुऊन, ओल्या हातांनीच तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. 'झाली खिचडी.' तिने एक हात पुढे केला, टाळी दिली आणि पळाली. तो तळहाताकडे बघत राहिला, मग माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'टीचर, दिली.'

खिचडीची रांग जशी होती तशीच आहे. तिथे भूक असते, तिथे काही चालत नाही.

नव्या भानगडी दोन. एक, वही तपासायला वाकले की मागून 'टीचर, टॅम्प्लीज' येतं, आणि मला सरळ व्हावं लागतं. दुसरी, एक आजी तावातावाने आल्या. 'तुम्ही काय शिकवलंत? पापी मागितली तर मूठ वर करतो!' मी म्हटलं, आजी, विचारून बघा, देईल. 'माझ्याच नातवाला विचारू?' म्हणत गेल्या. चार दिवसांनी गेटवर दिसल्या. दप्तर त्यांच्या खांद्यावर, नातू पुढे. मागून म्हणत होत्या, 'देतोस का रे आता?' तो न वळता म्हणाला, 'घरी.'

अवांतर: तो लाकडी स्टेज अजून वर्गातच आहे. कुणाला हवा असेल तर सांगा. चार मुलांची जागा खातो.